रुद्राणीच्या हातचा कुर्मा

सासरी आल्यावर आठव्या दिवशी रुद्राणीच्या हाताचा निकाल लागला. सासू चंद्रव्वानं परसातल्या भिंतीवरून शेजारच्या शांतम्माला सांगितलं, "पोर गुणाची आहे, पण हाताला चव नाही." मोठ्यानं सांगितलं, म्हणजे आत भांडी घासणाऱ्या पोरीलाही ऐकू जावं. सोलापूरच्या बाळीवेशीत असा निकाल एकदा लागला की त्यावर अपील नसतं.

आता चंद्रव्वाशी बरोबरी करायची म्हणजे तरी कुणी करायची? तिची कडक भाकरी महिनाभर डब्यात राहिली तरी पापडासारखी मोडायची. तिच्या शेंगांच्या चटणीला बोटानं दाबलं की तेल सुटायचं. भरल्या वांग्याची येण्णगाई केली की वासावरून गल्लीतल्या बायका ओळखायच्या, आज चंद्रव्वाकडे पाहुणे आहेत. रुद्राणी अक्कलकोटाहून मॅट्रिक होऊन आलेली. पण मॅट्रिकच्या परीक्षेत भाकरी थापायला सांगत नाहीत. ती निवडायची, चिरायची, घासायची, आणि चुलीपुढे बसायची चंद्रव्वा. एक मुलगी झाली, ती चालू लागली, बोलू लागली, तरी चुलीपुढचा पाट काही रुद्राणीला मिळाला नाही. कुणी छळ केला असं नाही हं. उलट "तू राहू दे, दमशील," असं गोडीनंच म्हणायचे. त्या गोडीचाच तिला जास्त राग यायचा.

नवरा शिवयोगी, चाटी गल्लीत त्याचं कापडाचं दुकान. बाहेरगावचे व्यापारी आले की तो त्यांना स्टेशनकडच्या एका शाकाहारी हॉटेलात जेवायला न्यायचा. एकदा काय लहर आली, त्यानं बायकोलाही नेलं. पडदा लावलेली फॅमिली रूम होती. स्टीलच्या वाटीत फ्लॉवर-वाटाण्याचा कुर्मा आला, वर तांबूस तेलाचा तवंग. शिवयोगीनं पोळीचा तुकडा बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "घरी असं जमेल काय गं तुला?"

माणूस सहज बोलून गेला. पण सहा वर्षांत रुद्राणीकडे कुणी काही रांधून मागितलेलं हे पहिलंच. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

मग सुरू झाले प्रयोग. चंद्रव्वा दुपारी सिद्धेश्वराला गेली की ही रॉकेलचा स्टोव्ह पेटवायची. पहिल्या खेपेला खसखस करपली. दुसऱ्या खेपेला कांद्याचा कच्चा वास राहिला. तिसऱ्या खेपेला मासिकातली कृती कापून समोर ठेवली, काजू, खोबरं सगळं मोजून घातलं, आणि जे झालं त्याला पिठलं म्हटलं असतं तरी पिठल्याला राग आला असता. चंद्रव्वा परत येऊन नाक वर करून हुंगायची आणि विचारायची, "काय, हॉटेल काढायचं आहे काय?"

ही गोष्ट चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. वर्षाचं तिखट कुटायला त्या साली घरी बजाबाई आली. सांगोल्याकडची धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, तेव्हा नवऱ्यासकट सोलापूरला आली. नवरा उरलेली चार मेंढरं घेऊन कुंभारीच्या रानात असायचा, आणि ही होटगी रस्त्याच्या कडेला झोपडी घालून राहिलेली. सकाळी त्याच स्टेशनकडच्या हॉटेलात पाट्यावर मसाला वाटायची, दुपारी घरोघर तिखट कुटायची. डोळे धुरानं कायमचे लाल.

उकिरड्यात करपलेलं वाटण दिसलं तशी ती मुसळ टेकून हसायला लागली. "वैनी, ह्ये काय केलंय?"

रुद्राणीनं लाजत लाजत सांगितलं. त्यावर बजाबाई म्हणाली, "अवो, हाटेलात कोण येकेक भाजी करत बसतंय व्हय? सकाळच्याला येक मोठ्ठं पातेलं रस्सा करून ठिवत्यात. गिऱ्हाईक आलं, वाटाणा टाकला, झाली वाटाण्याची भाजी. फ्लावर टाकला, झाली फ्लावरची. समदी करामत त्या रश्श्यात हाय."

"आणि तो रस्सा कोण करतं?"

"वस्ताद करतोय. पर वाटण माजं आसतंय. कांदा किती भाजायचा, खसखस कवा काढायची, तेल सुटोस्तवर किती परतायचं, त्ये माज्याबिगर त्येलाबी उमगत न्हाय." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मी घरी करून आणू का? बरणीत भरून देते. तुमी निस्ती भाजी शिजवून त्यात टाका, पाणी घाला, उकळी आली की झालं."

मोबदला ठरला. त्यावर बजाबाईनं आणखी एक मागितलं. "वैनी, चार बायांत माजं नाव सांगा की. चार घरं लागली तर हाटेलचा पाटा सुटंल. धुरानं डोळं गेलं वो माजं. ह्या गल्लीत माज्या बोलण्यावर कोण इस्वास ठिवणार? तुमी सांगितलं तर ठिवतील."

"सांगते की," रुद्राणी म्हणाली. आणि तेव्हा ती खरंच सांगणार होती. तिच्या बाजूनं एवढं तरी बोललं पाहिजे.

दोन दिवसांनी मागच्या दारानं चिनीमातीची बरणी आली. चंद्रव्वा तेव्हा लिंगपूजेला बसलेली होती आणि पूजेला बसली की अर्धा तास ती डोळे उघडत नसे. त्या दिवशी रुद्राणीनं हट्टानं एक भाजी आपल्याकडे मागून घेतली. शिवयोगी जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच थांबला. "अगं, हे तर तेच!" असं म्हणून त्यानं बोटं चाटली. चंद्रव्वानं पोळीच्या टोकावर जेमतेम घेऊन चाखलं. मग पुन्हा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर हात धुता धुता कानडीत म्हणाली, "छलो आग्याद." चांगलं झालंय. चंद्रव्वाच्या तोंडून एवढं म्हणजे भर चौकात सत्कार झाल्यासारखं.

रुद्राणीच्या ओठांवर बजाबाईचं नाव आलं होतं. पण सहा वर्षांनी मिळालेला गोड घास लगेच थुंकून टाकायचं तिच्या जिवावर आलं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याही तेच ठरवलं.

पुढचे दोन महिने दर चार दिवसांनी बरणी येत राहिली. कधी कुर्म्यात बटाटा पडला, कधी गवार, एकदा तर चंद्रव्वानं आपणहून भरली वांगी त्यात सोडून बघायला लावली. शांतम्मा वाटी घेऊन दारात येऊ लागली. बायका विचारायच्या, "कुठं शिकलीस गं?" आणि ही मान खाली घालून हसायची. त्यांना वाटायचं, पोर विनयशील आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबाला निदान लाज नसते. रुद्राणीला होती. रोज रात्री पाठ टेकली की तोंड तापायचं तिचं. सकाळी उठली की पुन्हा कौतुकाची वाट बघायची.

बजाबाई मात्र दर खेपेला विचारायची, "सांगितलं का वैनी?"

"सांगते गं. जरा वेळ बघून सांगते."

"बगा की. मला काय घाई न्हाय," बजाबाई म्हणायची आणि डोळे पुसत हॉटेलकडे जायची.

मग श्रावण आला. श्रावणातल्या दर सोमवारी या घरी लिंगायतांच्या गुरूंना, जंगम अय्यांना, जेवायला बोलवायची रीत होती. पाय धुवायचे, विभूती लावायची, आणि घरातल्या बाईनं आंघोळ करून, लिंगपूजा करून, मडीनं म्हणजे सोवळ्यानं, स्वतःच्या हातानं रांधलेलं तेवढंच त्यांच्या पानात वाढायचं. बाहेरचा कणही नाही. चंद्रव्वानं पंचवीस वर्षं हे व्रत एकटीनं चालवलं होतं. त्या वर्षी ती म्हणाली, "यंदा तुझा कुर्मा होऊ दे. अय्यांनाही कळू दे माझ्या सुनेचा हात."

पहिल्यांदाच ती 'माझी सून' म्हणाली होती. रुद्राणी नाही म्हणू शकली नाही. स्वतः करून बघावं म्हणून आदल्या दिवशी तिनं एकदा वाटण वाटलंही. ते पुन्हा करपलं. सोमवारी पहाटे बरणी आली.

अय्या म्हातारे, मोजकं खाणारे. त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतलं. पंगतीला शांतम्मा होती, गल्लीतली आणखी पाच-सहा माणसं होती. हात धुऊन अय्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या सुनेनं," चंद्रव्वा म्हणाली.

"ये तायी. ज्या हातानं केलंस तो हात पुढं कर."

रुद्राणीनं हात पुढं केला. अय्यांनी त्यावर विभूती ठेवली आणि म्हणाले, "दुसऱ्याला राबवून जेवू घालणारे पुष्कळ भेटतात. स्वतः राबून घालणारे थोडे. श्रावणभर हेच कर."

त्या हाताला इंगळी डसली असती तरी इतकं लागलं नसतं. पण हात मागे घेता येईना, आणि तोंडही उघडता येईना. कारण आता नुसतं श्रेय लाटल्याची गोष्ट राहिली नव्हती. आता खरं बोलायचं म्हणजे, होटगी रस्त्याच्या झोपडीत झालेलं अन्न मी अय्यांच्या पानात वाढलं आणि सगळ्यांदेखत आपलं म्हटलं, असं बोलायचं. खुद्द अय्यांनी ते कदाचित हसून सोडलंही असतं. मला तर वाटतं, सोडलं असतंच. पण चंद्रव्वानं नसतं सोडलं, आणि गल्लीनं तर मुळीच नाही.

दुपारी बजाबाई रिकामी बरणी न्यायला परसात आली. अय्यांनी दोनदा मागून घेतलं हे ऐकून तिनं दोन्ही हात जोडले. "माज्या हातचं अय्यांनी खाल्लं? लई बरं झालं वैनी. आता तरी सांगितलं आसंल की?"

"पुढच्या सोमवारी," रुद्राणी म्हणाली. तिला त्या लाल डोळ्यांकडे बघवेना, म्हणून ती तुळशीकडे बघत बोलली.

पुढच्या सोमवारीही अय्यांनी कुर्मा मागून खाल्ला, आणि पुढच्या सोमवारीही ती काही बोलली नाही.

माणूस वाट तरी किती बघणार? बुधवारी दुपारी बजाबाईनं दोन बरण्या भरल्या आणि स्वतःच बाळीवेशीत विकायला निघाली. पहिलंच दार गाठलं ते शांतम्माचं. थोड्या वेळानं शांतम्मा बजाबाईला मनगटाला धरून ओढत चंद्रव्वाच्या सोप्यात घेऊन आली. दुसऱ्या हातात बरणी. शिवयोगी नुकताच जेवून पान लावत बसला होता.

"चंद्रव्वा, तुझ्या घरात चोरी झालीय आणि तुला पत्ता नाही!" शांतम्मा ओरडली. "ही बया माझ्या दारात हे विकायला आली. म्हणे मी स्वतः करते. मी बोट लावून चाखलं आणि कळलंच मला. ही तर रुद्राणीच्या हातची चव! परवाच जेवले की मी पंगतीला."

चंद्रव्वानंही बोट लावलं, चाखलं. तिचा चेहरा कडक झाला. "काय गं? कामाला म्हणून घरात घेतली आणि माझ्या सुनेचं वाटण उचललंस?"

बजाबाई घाबरलेली दिसत नव्हती. तिनं मनगट सोडवून घेतलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "मी काय बोलू? वैनीस्नी इचारा की."

ती निश्चिंत होती. तिला वाटलं, बरं झालं, आता आपोआपच सगळं बाहेर येईल. तिनं रुद्राणीकडे पाहिलं, आणि तिच्याबरोबर सगळ्यांनीच पाहिलं. सासूनं पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं, शांतम्मानं पाहिलं.

रुद्राणी पुढं आयुष्यभर स्वतःला बजावत राहिली की त्या क्षणी मी खरं बोलायलाच तोंड उघडलं होतं. असेलही. पण तोंडातून निघालं ते असं: "असू दे मावशी. गरीब आहे बिचारी. माझी काही तक्रार नाही."

"बघा!" शांतम्मा म्हणाली. "केवढं मन आहे पोरीचं! दुसरी असती तर झिंज्या उपटल्या असत्या."

बजाबाई रडली नाही की भांडली नाही. रोजच्या ओळखीचं माणूस अचानक अनोळखी वाटावं तशी ती रुद्राणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. वैनींचंच हाय त्ये." आणि हातातली दुसरी बरणीही तिनं सोप्याच्या कडेला ठेवली आणि उन्हात चालू लागली. पायात काही नव्हतं तिच्या.

संध्याकाळी शिवयोगीनं येताना मोगऱ्याचा गजरा आणला. "आज मोठं मन दाखवलंस," म्हणाला. रुद्राणीनं गजरा माळला. न माळून काय सांगणार होती? जेवायला बसली, घास तोंडात फिरत राहिला आणि उठून तिनं परसात जाऊन ओकारी काढली. चंद्रव्वाला वाटलं, गोड बातमी असेल. तिनं प्रेमानं पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली रुद्राणीला मरून जावंसं वाटलं.

गल्लीत शांतम्मा असताना दवंडी पिटायची गरज पडत नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दोन दिवसांत बाळीवेस ते कसबा, सगळीकडे झालं की बजाबाई मसाला चोरते. गौरी-गणपतीच्या कामाला जिनं जिनं तिला सांगितलं होतं, तिनं तिनं नाही म्हणून निरोप धाडला. शांतम्माच्या नवऱ्याची हॉटेलमालकाशी ऊठबस होती. त्यानं मालकाच्या कानावर घातलं की तुमचीच बाई तुमच्या भटारखान्यातून काय काय नेत असेल बघा. मालकानं शनिवारी तिला पाट्यावरून उठवलं. हे सगळं शांतम्मा भिंतीवरून चंद्रव्वाला रंगवून सांगत होती आणि आत रुद्राणी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

रविवारी दुपारी सिद्धेश्वराला जाऊन येते असं सांगून ती निघाली. आणखी एक खोटं. पण त्या ढिगात ते कुठं उठून दिसणार? होटगी रस्त्यानं विचारत विचारत झोपडी गाठली. बजाबाई दारातल्या पाट्यावर काहीतरी वाटत बसली होती. तिनं मान वर केली, आणि "या, बसा," म्हणून पोत्याचा तुकडा पुढं सरकवला.

रुद्राणी बसली नाही. वाटेत शंभर वेळा घोकलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. "बजाबाई, माझं चुकलं. पाप केलं मी. मला स्वतःची लाज वाटते. मी सगळ्यांना खरं सांगणार आहे. अत्तींना, शांतम्मामावशींना, हॉटेलच्या मालकालासुद्धा."

अत्ती म्हणजे तिची सासू. बजाबाईचा हात पाट्यावर थांबला. तिनं शांतपणे विचारलं, "कवा?"

रुद्राणीनं बोलायला तोंड उघडलं. उद्या तिसरा सोमवार होता, अय्या यायचे होते. त्यांच्यादेखत कसं सांगणार? मग चौथा सोमवार होता. मग गौरी येणार, सण असणार, घरी माहेरवाशिणी असणार, भरल्या घरात असलं कुणी बोलतं का? हे सगळं तिच्या मनात एकामागून एक उभं राहिलं आणि ते मनात उभं राहताना तिच्या तोंडावरही दिसलं असावं. ती म्हणाली, "एवढा श्रावण संपू दे..." आणि तिचा तिलाच आवाज ऐकवेना.

बजाबाईनं पाणी घेऊन हात धुतले, आत गेली, आणि काठोकाठ भरलेली एक बरणी घेऊन बाहेर आली.

"उद्या सोमवार हाय," ती म्हणाली. "ह्ये घिऊन जा. आता तुमचंच येक घर राह्यलंय, वैनी."

आणि रुद्राणीनं ती पदराखाली घेतली.